वॉश अर्धा राहतो तेव्हा

पत्र असं आलंय:

'मावशी, माझं वय 29. माहेर चंदगड तालुक्यात, सासर इकडं बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, बाचीच्या अलीकडं. लग्नाआधी कोल्हापुरात राहून एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली. वॉटरकलर हातात आहे असं सर म्हणायचे. आता थोरली साडेचार वर्षांची, अंगणवाडीत जाते. धाकटा 14 महिन्यांचा. मालक उद्यमबागेत फाउंड्रीत, शिफ्ट बदलती. सासू-सासरे शेतात राबतात, भात लावणीला आणि रताळी काढायला मीही जाते. रंगांची पेटी कॉटखालच्या ट्रंकेत आहे. परवा पोरगा निजला म्हणून मागच्या दारात बसून महिपाळगडाचा डोंगर काढायला घेतला. कोल्हापूरहून आणलेला 300 जीएसएमचा जाड, शेवटचा कागद होता. आभाळाचा वॉश अर्ध्यावर आला आणि हा उठला. तासाभरानं येऊन बघते तर आभाळाच्या मधोमध रेघ उमटलेली. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं रडालंय आन् ही रंग कालवत बसलीया." मी कागद फाडून टाकला. थोरली विचारते, आई का रडालीस? हल्ली असं रडू वरचेवर येतं. मुलं मोठी होईतोवर हे सगळं बांधून ठेवू, का हे वेडच सोडून देऊ? नणंद म्हणते, रील टाक, पैसे तरी मिळतील.'

अगं, वयानं तू माझ्या धाकट्या सुनेएवढी, म्हणून अगंतुगं करते. राग मानू नकोस.

बांधून ठेवू नकोस आणि सोडूही नकोस. उत्तर एवढंच आहे, पण ते जमवायचं कसं त्यावर बोलूया.

तुला वाटतंय की तुला वेळ नाही. मी तुझ्या पत्रातला दिवस बोटांवर मोजला. वेळ आहे, पण तो फुटक्या बांगड्यांसारखा आहे. सकाळी थोरली अंगणवाडीत गेल्यावर वीस मिनिटं, दुपारी धाकटा निजला की कधी दहा तर कधी पन्नास. त्यातलं पुढचं मिनिट तुझं असेल याचीही खात्री नाही. आणि अशा वेळात तू हातात घेतलंस काय, तर अख्ख्या चित्रकलेत ज्याला मधेच उठलेलं अजिबात खपत नाही ते काम. मोठ्या कागदावर आभाळाचा सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसारखा थर! रंगाचा ओघळ ब्रशनं खाली खाली ओढत न्यायचा, तो तुटू द्यायचा नाही, कड वाळू द्यायची नाही. फाउंड्रीत ओतकाम चालू असताना कुणी तुझ्या मालकांना म्हणेल का, जरा थांबा, पोरगं धरा? रेघ उमटली यात तुझ्या हाताचा दोष नाही. थांबलेल्या ओघळाची कड वाळली, रंग त्या कडेला जाऊन साचला, रेघ झाली. सरांनी काढला असता तरी झाली असती.

म्हणजे तुला कला बदलायची नाही, काम बदलायचंय. निदान पुढची दोनेक वर्षं.

याच बेळगावात इंदिरा संत राहिल्या, तुला ठाऊक असेल. 1946 साली पती गेले, पदरी तीन लहान मुलं, शिक्षकी पेशा. आणि 1951 पासून एकामागून एक कवितासंग्रह आले. हे उदाहरण मी तुझ्या डोक्यावर आपटायला देत नाही. आमच्या वेळी आम्हाला ते तसंच द्यायचे, 'त्यांना जमलं, तुला का नाही?' त्याचा काही उपयोग होत नाही, फक्त लाज वाटते. मी सांगतेय ते वेगळंच. कवितेची ओळ भाकरी थापताना डोक्यात घोळवता येते, पोर थोपटताना फिरवता येते. वॉश डोक्यात घोळत नाही. चित्रकारणीला पाट, पाणी, कागद, उजेड, सगळं मांडावं लागतं. मांडायला दहा मिनिटं, आवरायला दहा. तुझी वीस मिनिटं संपली, ब्रश ओला व्हायच्या आत.

म्हणून पहिलं काम: मांडणं आणि आवरणं संपव. घरात एक जुनी परात असेल. तिच्यात पॅलेट, दोन ब्रश, पाण्याची झाकणाची बाटली, फडकं, कागद. उठायची वेळ आली की परात जशीच्या तशी उचलायची आणि फळीवर सरकवायची. ट्रंक नको. ट्रंक म्हणजे कॉटखाली वाकणं, कुलूप, वरच्या साड्या काढणं. तिथंच जीव जातो. फळी मात्र थोरली खुर्चीवर चढली तरी हात पोचणार नाही अशी बघ. ट्यूबमधले रंग पॅलेटमध्ये काढून वाळू दे. वॉटरकलर वाळला तरी ओल्या ब्रशानं पुन्हा जागा होतो, हे तुला मी सांगायला नको. पण बाळंतपणात माणूस शिकलेलं विसरतं.

दुसरं, कागद लहान कर. पोस्टकार्डाएवढा, साधारण 4 × 6 इंचांचा. त्यावर आभाळाचा वॉश तीन-चार मिनिटांत पुरा होतो. तेवढं पोर रडलं तरी चालतं. मी सांगते, तीन मिनिटांत कुठलंच पोर बिघडत नाही.

आणि तरीही मधे उठायचं आलंच, तर हात झटकून पळू नकोस. उठता उठता फडक्याचं टोक खालच्या ओघळाला लाव, साचलेलं पाणी शोषून घे. कागद आडवा ठेव. परत आल्यावर अर्धवट ओला असेल तर त्याला हात लावायचा नाही, नाहीतर कोबीच्या गड्ड्यांसारखे डाग उमटतात. पूर्ण वाळू दे, मग साध्या पाण्यानं सगळं आभाळ हलकं ओलं करून पुन्हा सुरू कर. कड थोडी सुटते. सगळी जाणार नाही. नाही गेली तर तिथं ढग. आपल्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर ढगाला कोण नाही म्हणतंय?

पावसाळ्याचं निघालंय म्हणून सांगते. त्या हवेत वॉश उशिरा वाळतो, ते तुझ्या फायद्याचं आहे, दोन मिनिटं जास्त मिळतात. पण कागदाला ओल लागली की त्याच्यावरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच आत शिरू न देणारा लेप जातो, मग तो टिपकागदासारखा रंग पितो आणि ठिपके पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कोरड्या जागी ठेव. चुलीच्या वरच्या अंगाला नको, धूर बसतो.

अगदीच तुटक दिवस असतील त्यांच्यासाठी पोस्टर कलर. तो कुठंही थांबवता येतो. वाळला की त्याच्यावर दुसरा थर. वॉटरकलरवाले त्याला नाक मुरडतात. मुरडू देत.

तैलरंगाला मात्र सध्या शिवू नकोस. एटीडीतली टर्पेंटाइनची बाटली अजून घरात असेल तर आजच हलव. रंग एक वेळ धुतला जातो, टर्पेंटाइन लहान पोराच्या पोटात आणि त्याहून वाईट म्हणजे फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून प्यालंच तर ओकारी काढायची नाही, सरळ दवाखाना.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझा थोरला दोन वर्षांचा असताना त्यानं क्रिमसन लेकची वडी पेपरमिंट समजून चोखली. मी पाठमोरी, पाणी बदलत होते. सासूबाईंनी पोराचं तोंड बघितलं, ओठ लाल, दात लाल, हनुवटीवरून लाल लाळ गळतेय. त्यांनी जी हाक मारली ती शहापूरच्या अर्ध्या गल्लीला ऐकू गेली असणार. रिक्षा करून दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी जीभ बघितली, माझी बोटं बघितली, आणि विचारलं, 'वॉटरकलर का?' पोराला काही झालं नाही. मला झालं. त्या रात्री मी पेटी माळ्यावर टाकली, ती नऊ वर्षं खाली काढली नाही. कुणी सांगितलं नव्हतं टाक म्हणून. नवरा तर उलट म्हणत होता, असूदे की, उंच ठेव म्हणजे झालं. मलाच शिक्षा हवी होती.

नऊ वर्षांनी बसले तेव्हा तांब्याचं तोंड काढता येईना. साधी लंबगोल रेघ! डावी बाजू फुगायची, उजवी चपटी. महिनाभर रोज तांब्या समोर ठेवून बसले. त्या नऊ वर्षांत हातात राहिली ती फक्त दारातली रांगोळी, कारण तिला कुणाची हरकत नव्हती. म्हणून तू 'मुलं मोठी होईतोवर' लिहिलंस तिथं मी अडखळले. पोरं मोठी होतात गं. हात मात्र वाट बघत नाही.

हात चालू ठेवायला एक हाताएवढी वही घे आणि एक बॉलपेन. पेन्सिल नको, तिला टोक करायचं निघतं, खोडायचं निघतं, आणि टोकदार पेन्सिल रांगत्या पोराच्या वाटेत पडते. बॉलपेननं काढलेली रेघ खोडता येत नाही, म्हणून ती पुढं जाते. निजलेलं पोर काढ. तळपाय काढ, पायाची पाच बोटं पाच दिशांना असतात. कान काढ. कानासारखी अवघड वस्तू घरात दुसरी नाही, आणि निजल्यावर तो हलत नाही. वहीवर नजर न टाकता नुसतं पोराकडं बघत रेघ फिरव. वाकडं येईल. येऊ दे. ते कुणाला दाखवायचं नाही. अंगणवाडीच्या दारात थांबलीस की बायकांच्या चपला काढ. हे चित्र नव्हे, हा रियाज आहे, आणि रियाजाला पाच मिनिटंही चालतात.

पण नुसत्या तुकड्यांवर माणूस जगत नाही. आठवड्यात एकदा सलग दोन तास हवेतच, आणि ते मालकांकडून घ्यायचे. 'तुम्हाला जमलं तर' असं विचारू नकोस. जमलं तर म्हटलं की जमत नाही. शिफ्टचा तक्ता लागला की त्यांच्या सुट्टीच्या दिवसावर बोट ठेवून सांग, सकाळी आठ ते दहा. आणि घरात बसून ते दोन तास होणार नाहीत. तू भिंतीपलीकडं आहेस हे धाकट्याला वासावरून कळतं. एक तर त्यांनी दोघांना घेऊन बाहेर पडायचं, नाही तर तू. पोर 14 महिन्यांचं आहे, पाजून निघालीस तर दोन तास भात-वरणावर निघतात. ते पहिल्या दिवशी रडेल, मालकही रडकुंडीला येतील. फोन येईल, 'हा थांबेना गं.' लगेच पळत येऊ नकोस. मी आले होते. पुढं वर्षभर मलाच पळावं लागलं.

कुठं बसू, असा प्रश्न तुला पडेल. गावात बाई एकटी कागद मांडून बसली की चार जण मागं उभे राहतात, 'काय करालीस बाय?' देवळाच्या सभामंडपात बस, तिथं बाईला बसायला कारण लागत नाही. किंवा महिन्यातून एकदा शहरात ये. बेळगावात चित्रं बघणारी माणसं आहेत. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांचं हे गाव. रवी परांजपे, जॉन फर्नांडिस यांच्यासारखे चित्रकार त्यांच्याच हाताखाली घडले. वरेरकर नाट्य संघात कुलकर्णींच्या नावाचं कलादालनही आहे. प्रदर्शन असेल तेव्हा पोरीला घेऊन ये. आता मनातलं बोलते. मोठ्या चित्रकारांची चरित्रं मी पुष्कळ वाचली. ते पहाटे उठून नदीवर जाऊन लँडस्केप करायचे, हे सगळ्यांत असतं. तेवढ्या वेळात घरात पोरांची शी कोण धूत होतं, हे कुठल्या चरित्रात नसतं.

सासूबाईंचं. त्यांचं वाक्य तू जसं लिहिलंस तसं मी तीनदा वाचलं. त्यात राग पोर रडतंय याचा आहे, रंग हे नुसतं निमित्त. तू धुणं धूत असतीस आणि पोर रडलं असतं तर त्या स्वतःच उठून गेल्या असत्या, आणि बोलल्या नसत्या. धुणं काम आहे. त्या उन्हाळ्यात वाकळ शिवत असतीलच. वाकळेभोवती पोरं लोळतात, सुई हरवते, कुणी काही म्हणत नाही, कारण वाकळ अंगावर घेता येते. चित्र अंगावर घेता येत नाही. ही गोष्ट तू वाद घालून त्यांना पटवू शकणार नाहीस, आणि चित्राचाही कसा उपयोग आहे हे सिद्ध करायच्या भानगडीत पडूच नकोस. एवढंच सांग, 'आत्ती, पंधरा मिनिटं बघा, मग मी भाकरी टाकते.' वेळ ठरलेला असला की जुनी माणसं पाळतात. बिनमुदतीचं काही त्यांना सोसत नाही. आणि त्या वाकळेला टाके घालत असतील तेव्हा त्यांचे हात काढ एकदा. सासू खूश व्हावी म्हणून नव्हे. चाळीस वर्षं माती काढलेले हात मॉडेल म्हणून पैसे देऊनही मिळत नाहीत.

थोरलीला घेऊन रंगवत बस, असं तुला दहा जणी सांगतील. जरूर बस, पण त्याला तुझं चित्र म्हणू नकोस. ती पोरीची अर्ध्या तासाची करमणूक, त्यात तुझं लक्ष बादलीकडं, फरशीकडं, तिच्या बाहीकडं. तिला पाटी, खडू आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू दे, त्या तिच्या मालकीच्या. तुझा ब्रश तुझा. 'हा आईचा, याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही,' हे साडेचार वर्षांच्या पोरीला नीट कळतं. तू चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना महाराष्ट्रात बसली असशील, एलिमेंटरी, इंटरमीजिएट. तिच्या वाट्याला इकडची लोअर, हायर येईल. नावं वेगळी, पण समोर ठेवलेला मडक्या-केळ्यांचा स्टिल लाइफ तोच असणार!

रील नको. निदान आत्ता नको. रीलला रोज एक पुरं झालेलं चित्र लागतं, आणि तुझ्याकडं नेमकं तेवढंच नाही.

आता एक गोष्ट गंभीरपणे. रडू वरचेवर येतं असं तू मधेच एका ओळीत लिहून पुढं गेलीस. कागद फाटला म्हणून एक दिवस रडणं समजू शकते. पण दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, पोर निजलं तरी तुला झोप लागत नसेल, आवडीचं काही करावंसं वाटत नसेल, स्वतःबद्दल वाईट विचार येत असतील, तर ते चित्रकलेनं बरं होणारं दुखणं नव्हे. बाळंतपणानंतर वर्षभरानंही हे होऊ शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जाशील तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घे. पाजणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या बाईचं ते पुष्कळदा 12 च्या खाली गेलेलं असतं आणि घरचे म्हणतात आळशी झालीय. घरी बोलता येत नसेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्यसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीअपरात्रीसुद्धा. मराठीत बोलता येतं. वाईट विचार येत असतील तर आजच लाव, उद्यावर टाकू नकोस.

आणि तो फाडलेला कागद. मला अंदाज आहे, तू तो टाकला नसशील. शेवटचा 300 चा कागद कुणी टाकत नाही. तो गादीखाली असेल. काढ, आणि फाटलेली कड पट्टी लावून सरळ काप. तेवढ्या जाडीच्या कागदाची मागची बाजूही रंग घेते. पोस्टकार्डाएवढे चार तरी तुकडे निघतील. पहिल्यावर नुसतं आभाळ काढ, डोंगर नको. दुसऱ्यावर एकाच रंगात डोंगर, बर्न्ट अंबर चालेल. तिसरा बिघडेल. चौथा मला पाठव, कसाही असला तरी.